नव्या गुरुजींना पाड्यावर एकटं टाकू नका



जून आला. पेरणीबरोबर शाळाही उघडली. काही पाड्यांवर नवे गुरुजी, नव्या बाई आल्यात. हे 'शिक्षणसेवक'. सन २००० पासून सरकारने ही पद्धत काढली. तीन वर्षं नुसतं मानधन. काम समाधानकारक ठरलं तर पुढे कायम. एवढ्यात घरभाडं भागवायचं, एस.टी.चं भाडं द्यायचं आणि फाट्यापासून पायी यायचं.

"मास्तर येतच नाही," ही आपली तक्रार खरी आहे. जो येत नाही त्याला जाब विचारायचाच. पण जो आलाय, त्याला आपण काय दिलं? राहायला जागा नाही. बोली कळत नाही. पुस्तकात 'लावणी' असते, आपली पोरं 'आवणी' म्हणतात. पोर गप्प बसलं की नव्या माणसाला वाटतं, पोर ढ आहे. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, पोरंही जातात. हजेरी पडली की साहेब धरतात त्यालाच. मग तो बदलीच्या खटपटीला लागतो, आणि शाळा परत बंद.

यात आपल्या जमिनीचाही प्रश्न आहे. शाळेच्या रजिस्टरात नुसतं 'हिंदू' लिहिलं, 'वारली' किंवा 'कोकणा' राहून गेलं, तर उद्या जातीचा दाखला अडतो. १९७४ च्या कायद्याने गेलेली जमीन परत मागायची तरी आदिवासी असल्याचं शाबीत करावंच लागतं. नव्या माणसाला हे कोण सांगणार? आपणच.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. शिकवणारा पोरांकडे जाऊ शकतो. गावानेही दोन पावलं पुढे यावं.

म्हणून ग्रामसभेत ठरवू या :

१) गुरुजींना, बाईंना पाड्यातच राहायला जागा द्यायची. कोंबडी-दारूचा पाहुणचार मात्र नको.

२) पाड्यातली शिकलेली एक मुलगी किंवा मुलगा आवणीपर्यंत वर्गात बसेल, बोली समजावेल.

३) भट्टीवर जाताना पोर आजीकडे ठेवायचं. नाहीच जमलं तर कुठे नेतो ते शाळेत सांगून जायचं.

४) नाव घालताना जातीची नोंद वाचून घ्यायची.

आणि महिन्यातून एकदा शाळा व्यवस्थापन समितीने शाळेत जाऊन बसायचं. शिकवणं नीट नसेल तर तोंडावर सांगायचं, नीट असेल तर तेही सांगायचं. जमिनीसाठी आपण एकमेकांच्या पाठीशी उभे राहिलो, म्हणून टिकलो. आपल्या पोरांना शिकवायला आलेल्या माणसामागेही तसंच उभं राहू.

जिंदाबाद!