लिथियमची लाट आणि आपली शिल्लक

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात लिथियम सापडल्याची बातमी आली आणि वृत्तवाहिन्यांना उधाण आले. ५९ लाख टन 'पांढरे सोने'! भारत आता जगाला बॅटऱ्या पुरवणार, असे पडद्यावर ओरडून सांगितले गेले. तो आकडा प्राथमिक अंदाजाचा होता. शिवाय तो लिथियम असलेल्या खनिजाचा होता, निव्वळ लिथियमचा नव्हे. हे सांगायला मात्र कोणालाच सवड नव्हती. पुढे सरकारने त्या जागेचा लिलाव काढला आणि पुरेसे बोलीदार न आल्याने २०२४ मध्ये तो दोनदा रद्द करावा लागला. त्या खनिजातून लिथियम परवडेल असे काढता येईल याची खात्री नव्हती, आणि तोपर्यंत लिथियमचा भावही कोसळला होता. वाहिन्यांनी या दुसऱ्या बातमीसाठी किती मिनिटे दिली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. शेअरबाजार हा आपल्या बापजाद्यांचा विषय नव्हता. बँकेत, रेल्वेत, शाळेत, वीज मंडळात नोकरी लागलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीकडे आता कुठे भविष्यनिर्वाह निधीची, ग्रॅच्युइटीची चार पैशांची शिल्लक आली आहे. आणि त्याच वेळी मोबाइलवर शेअर घेण्याची सोयही आली. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, त्यामुळे परदेशी शेअरही हाताशी आले. २०२५ च्या उत्तरार्धात लिथियमचा भाव पुन्हा वर सरकू लागला. भाव चढला की टिप देणारे जागे होतात. "इलेक्ट्रिक गाड्यांचा जमाना आहे, लिथियमच्या छोट्या कंपन्या उचला." हा सल्ला ऐकण्यापूर्वी या छोट्या कंपन्या म्हणजे काय प्रकरण आहे ते समजून घेतले पाहिजे.

कॅनडातील टोरंटो आणि व्हँकूव्हर, ऑस्ट्रेलियातील पर्थ ही या धंद्याची माहेरघरे. या कंपन्यांना 'ज्युनिअर' म्हणतात. त्यांच्याकडे खाण नसते, विकायला माल नसतो, म्हणून उत्पन्नही नसते. असतो तो जमिनीखाली शोध घेण्याचा परवाना आणि चार-दोन भूगर्भतज्ज्ञ. बोअर मारायचे, नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे, निकाल जाहीर करायचा. या खर्चासाठी पैसा येतो तो नवे शेअर विकून. दर वेळी नवे शेअर निघाले की जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होतो. दुधात पाणी घालत जावे तसे. शोध लागल्यापासून प्रत्यक्ष माल निघेपर्यंत जगात सरासरी १५ वर्षांहून अधिक काळ जातो, आणि बहुसंख्य जागा तर खाणीपर्यंत पोहोचतच नाहीत.

मुद्द्याची गोष्ट इथेच आहे. मागणी बदलते महिन्यांत, खाण उभी राहते वर्षांत. या दोन वेळांमधल्या फटीत छोटा गुंतवणूकदार सापडतो.

ही फट नवी नाही. १९६९ मध्ये व्हिएतनामचे युद्ध चालू होते, निकेलला प्रचंड मागणी होती आणि कॅनडात निकेल काढणाऱ्या इन्को कंपनीत कामगारांचा संप झाला होता. अशा वेळी पश्चिम ऑस्ट्रेलियातील विंडारा येथे पोसायडन नावाच्या किरकोळ कंपनीने निकेल सापडल्याचे जाहीर केले. सप्टेंबर १९६९ मध्ये ८० सेंटला मिळणारा तिचा शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरला गेला. तिच्या शेजारी नुसते कुंपण घातलेल्या कंपन्यांचे शेअरही उडाले. पुढे काय झाले? निकेलचा भाव उतरला, दगडातील निकेल अपेक्षेपेक्षा कमी निघाले, आणि १९७६ मध्ये पोसायडन बाजारातून बाहेर फेकली गेली. निकेल खरेच होते, हे लक्षात घ्या. फसवणूक नसतानाही लोक बुडाले. उलट, जिथे सोनेच नव्हते त्या कॅनडाच्या ब्रे-एक्सचे प्रकरण १९९७ मध्ये उघड झाले, तेव्हा सरकारी नोकर आणि शिक्षकांच्या पेन्शन फंडांचे कोट्यवधी डॉलर त्यात गेले. मोठ्या फंडांचे अभ्यासकही जिथे फसतात, तिथे मोबाइलवरच्या आलेखाची काय कथा!

आता लिथियमकडे या. चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये टनाला सहा लाख युआनच्या घरात होता. २०२३ संपताना तो एक लाखाच्या आसपास आला आणि २०२५ च्या मध्यास साठ हजारांच्या जवळ. गाड्या विकल्या जाणे थांबले होते काय? अजिबात नाही. मागणी वाढतच होती. पण चढ्या भावाच्या आशेने काढलेल्या नव्या खाणींचा माल एकदम बाजारात आला. म्हणजे 'मागणी वाढणार' हे भाकीत अगदी खरे ठरले आणि तरी त्यावर पैसे लावणारे बुडाले. टिप देणारा कधी खोटा पडत नाही, तो असा.

ऑस्ट्रेलियातील डार्विनजवळची कोअर लिथियम ही एक. २०२२ मध्ये तिचा शेअर दीड डॉलरच्या वर होता. २०२३ मध्ये माल निघू लागला आणि जानेवारी २०२४ मध्ये खाणकाम थांबवावे लागले. त्या वर्षी शेअर २० सेंटच्याही खाली गेला. दुसरी लायनटाउन. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अल्बमार्ल कंपनीने शेअरला तीन डॉलर देऊ केले होते. तेव्हा खाणसम्राज्ञी जीना राइनहार्ट यांनी बाजारातून १९.९ टक्के हिस्सा उचलला. ऑक्टोबरमध्ये अल्बमार्लने माघार घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये शेअर एक डॉलरच्या खाली होता. अब्जाधीश बाईंना हा धक्का पचवता येतो. त्यांच्या मागोमाग धावलेल्याला?

यात कोणी कमावतच नाही असे नाही. अझुर मिनरल्सचा शेअर २०२३ च्या सुरुवातीस पन्नास सेंटच्याही खाली होता. चिलीची एसक्यूएम आणि राइनहार्ट यांच्या हॅनकॉकने २०२४ मध्ये ती कंपनी शेअरला ३.७० डॉलर देऊन विकत घेतली. पण पाहा, कमाई झाली ती खाणीतून माल काढून नव्हे, मोठ्याला कंपनी विकून. मोठा कधी विकत घेईल हे छोट्याच्या हातात नसते.

मागणीचा दुसरा खेळ याहून अवघड. मागणी नुसती कमी-जास्त होत नाही, तिची जातच बदलते. (हा शब्द आपल्या वाचकाला टोचेल, पण इथे तोच नेमका आहे.) इलेक्ट्रिक गाडीला कोबाल्ट लागणारच, या भरवशावर २०१८ मध्ये कोबाल्टचा भाव टनाला ९० हजार डॉलरच्या वर गेला आणि ओंटारिओतील जुन्या कोबाल्ट गावात नव्या कंपन्या पुन्हा बोअर मारू लागल्या. पुढे चीनच्या कारखान्यांनी लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या रस्त्यावर आणल्या. त्यात कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. निकेलवाल्यांना तर दुहेरी मार बसला. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली, चिनी भांडवलाने तिथेच कारखाने उभारले आणि जगातील निम्म्याहून अधिक निकेल तिथून येऊ लागले. त्या स्वस्त निकेलपुढे ऑस्ट्रेलियातील पॅनोरॅमिक रिसोर्सेस डिसेंबर २०२३ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेली. बीएचपीसारख्या बलाढ्य कंपनीनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये आपला निकेलचा कारभार थांबवला. बीएचपी तांबे आणि लोखंडावर जगते. ज्युनिअरकडे एकच खनिज असते, कधी कधी एकच टेकडी.

अलीकडे मागणी ठरवणारा तिसरा भिडू आला आहे, तो म्हणजे सरकार. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅनडा सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन तीन चिनी कंपन्यांना तिथल्या लिथियमच्या छोट्या कंपन्यांतील हिस्सा सोडायला लावला. सप्टेंबर २०२५ मध्ये लिथियम अमेरिकाज या कंपनीत अमेरिकी सरकार हिस्सा घेणार अशी बातमी फुटली आणि एका दिवसात शेअर जवळपास दुप्पट झाला. खाणीतून तेव्हा एक ग्रॅम लिथियम निघालेले नव्हते! ज्या जागेवर ही खाण होते आहे ती नेवाडातील थॅकर पास. १८६५ मध्ये अमेरिकी सैन्याने आपल्या पूर्वजांची तिथे कत्तल केली, असे पायूट आणि शोशोनी आदिवासी सांगतात. त्यांनी न्यायालयात धाव घेतली, पण खाण थांबली नाही. शेअरच्या आलेखात त्यांचे दुःख कुठल्या रेघेवर दिसते? मजूरमंत्री असताना बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. खाण वरून कशी दिसते आणि खालून कशी, हा फरक आपल्याला दुसऱ्याने शिकवायला नको.

आता हा धंदा आपल्या दारातही येतो आहे. २०२३ च्या कायदादुरुस्तीने लिथियम, कोबाल्ट, निकेल, सोने अशा २९ खनिजांसाठी 'शोध परवाना' आणला. शोध घेणाऱ्या खाजगी कंपनीला पुढे खाण घेणाऱ्याने भरलेल्या लिलाव रकमेतून वाटा मिळणार आहे. आज आपल्या बाजारात डेक्कन गोल्ड माइन्ससारख्या शोधातून पुढे आलेल्या कंपन्या मोजक्याच आहेत. उद्या त्या वाढतील आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत देशभक्ती असेल.

ऑस्ट्रेलियात अशा कंपनीला दर तिमाहीला एक तक्ता जाहीर करावा लागतो. हातात रोकड किती, तिमाहीत शोधावर किती गेली, कचेरीवर किती, संचालकांना किती दिली, आणि उरलेली रोकड अजून किती तिमाही पुरेल. हा तक्ता पाच मिनिटांत वाचून होतो. रोकड दोन तिमाहींची असेल तर नवे शेअर निघणार हे उघड आहे, मग खनिजाचा भाव आकाशाला का भिडेना. भारतात शोध कंपन्या लोकांचा पैसा गोळा करायला उतरतील त्याआधी सेबीने हीच सक्ती इथे करावी, ही मागणी कर्मचारी संघटनांनी आत्ताच लावून धरली पाहिजे. आणि तोवर कोणी टिप घेऊन आलाच, तर त्याला एवढेच विचारावे, की तो तक्ता तू पाहिलास का?