ट्रंकेतून काढलेलं पुस्तक

तीन वर्षांपूर्वी मुलाला सहावीत सोडायला आम्ही मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूरला आलो. शाळेनं पाठवलेल्या यादीप्रमाणं ट्रंक भरली होती. बूट, मोजे, बनियन, पॉलिश, मच्छरदाणी, प्रत्येक वस्तूवर नंबर. आदल्या रात्री मी यादी घेऊन ट्रंक पुन्हा तपासली, तर चादरीच्या घडीत ‘फास्टर फेणे’चं एक पुस्तक. यादीत नव्हतं. मी ते काढून माझ्या पिशवीत टाकलं आणि म्हणालो, “तू एनडीएसाठी निघालायस, गोष्टी वाचायला नाही.” तो काही बोलला नाही. अकरा वर्षांचा होता.

परतीच्या गाडीत माझ्याजवळ वाचायला दुसरं काहीच नव्हतं. हुबळी यायच्या आत ते पुस्तक संपलं आणि मला माझी चूक समजली. बनेश फेणे हा फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला पोरगा. अंगानं काडी, पण सायकलवर बसला की वारा. घर सोडून मोठ्या शाळेत आलेला आणि तरीही न बुजलेला. घर सुटणार म्हणून मनातून घाबरलेल्या माझ्या मुलानं नेमका हाच सोबती निवडला होता, आणि मी त्याला स्टेशनच्याही अलीकडं उतरवलं.

हे लिहायचं कारण असं की भेटीच्या रविवारी गेटबाहेर पालकांच्या गप्पांत हा विषय अजून निघतो. रहस्यकथा, खजिन्याच्या गोष्टी म्हणजे वेळ वाया, असं बरेच जण म्हणतात. काही जण या पुस्तकांची बाजूही घेतात, पण त्यांचं कारण मला आणखी खटकतं. ते म्हणतात, एसएसबीत चित्रावरून गोष्ट लिहायची असते, तिथं उपयोग होईल. तिथं 12 चित्रं असतात, शेवटचं कोरं, आणि एका गोष्टीला 4 मिनिटं मिळतात. पण म्हणून अकरा वर्षांच्या मुलानं फास्टर फेणे वाचायचा? हे म्हणजे आईच्या हातची भाकरी प्रोटीनसाठी खाण्यासारखं आहे.

मी तोफखान्यात सर्व्हेचं काम केलं आणि पुढं जवानांना नकाशावाचन शिकवलं. त्यामुळं खजिन्याच्या गोष्टींत माझं पहिलं लक्ष नकाशाकडं जातं. स्टीव्हन्सनचं ‘ट्रेझर आयलंड’ तर नकाशातूनच जन्मलं. 1881 च्या पावसाळी दिवसांत स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला, सावत्र मुलाच्या संगतीत रंगांशी खेळताना त्यानं एका बेटाचा नकाशा काढला, आणि तो बघता बघता त्यातली माणसं त्याला दिसू लागली. पुस्तक 1883 मध्ये निघालं. गंमत पुढंच आहे. प्रकाशकाकडं पाठवलेला मूळ नकाशा हरवला, आणि बिचाऱ्याला आपलंच पुस्तक चाळून, त्यातल्या वर्णनांशी जुळेल असा दुसरा काढावा लागला. रिपोर्ट आधी आणि नकाशा मागून! माझ्या क्लासमध्ये कुणी असं केलं असतं तर मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या.

या पुस्तकांत सगळंच चांगलं असतं असं मी म्हणत नाही. 1942 पासून एनिड ब्लायटननं ‘फेमस फाइव्ह’ची 21 पुस्तकं लिहिली. मुलाच्या हट्टापायी त्यातली दोन-तीन वाचली. खुणा पाहिजे तेव्हा सापडतात, भुयार असायचं तिथंच असतं. खऱ्या जमिनीवर खूण निम्म्या वेळा चुकीची निघते. वीस वर्षांपूर्वीचं झाड तोडलेलं असतं, ओढ्यानं वाट बदललेली असते. मग बेअरिंग पुन्हा घ्यायचं आणि आपली चूक सगळ्यांसमोर कबूल करायची. नायक असा तोंडावर आपटतो, ते पुस्तक मला जास्त खरं वाटतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. खजिना हा शब्द इंग्रजी पुस्तकात निरागस असेल, आमच्या गावाकडं गुप्तधन म्हटलं की मांत्रिक आला, अमावस्या आली, आणि कधी कधी त्याहून भयंकर काही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी होणारे अघोरी प्रकार गुन्हा म्हणून घालावे लागले, ते उगाच नाही. आणि 1878 चा निखात निधीचा कायदा अजून आहे. जमिनीत पुरलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. कादंबरीतली किती पोरं या हिशेबानं आत जातील कोण जाणे! पण माझा मुद्दा असा की हे सगळं मुलांच्या गोष्टीत यायला हवं. सत्यजित राय यांनी ते केलं. ‘सोनार केल्ला’त खजिन्याच्या आशेनं माणसं एका लहान मुलाच्या मागं लागतात आणि फेलूदा त्यांच्या मागावर जैसलमेरपर्यंत पोचतो. तो पिवळ्या दगडाचा किल्ला मी पोस्टिंगवर असताना रोज पाहिला, पण गोष्ट वाचली ती निवृत्तीनंतर. फेलूदाच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. आपल्या मराठी कपाटात असाव्यात असं मला वाटतं.

भा. रा. भागवत 2001 मध्ये गेले. फेणेवर सिरियल झाली, 2017 मध्ये सिनेमाही आला, पण त्याच्या जागी बसेल असा नवा पोरगा मराठीत मला तरी भेटलेला नाही. मग मी इथल्या कॅडेटना विचारतो, तुम्हीच का लिहीत नाही? सामान तर तुमच्या शहरात पडलंय. बेगूरच्या देवळात इसवी सन 890 च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. त्यात बंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे आणि त्या लढाईत पडलेल्या बुट्टणशेट्टीचं नाव. या शहराचं नाव एवढ्या जुन्या दगडावर यावं तेही एका लढवय्याच्या मरणामुळं, हे वीरगळांच्या मुलखातून आलेल्या आपल्या मुलांना वेगळं समजवायला नको. विल्यम लॅम्बटननं 1800 साली याच शहराबाहेर पोलादी साखळीनं जवळजवळ साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आज सायकल हाणायची, तर मध्ये काय काय आडवं येईल? पहिलं प्रकरण इथंच सुरू झालं. आणि शहाजीराजांच्या जहागिरीचं बंगळूर तर अजून बाकीच आहे.

प्रशिक्षकांना एवढंच विचारतो की प्रेपच्या वेळेत नाही, पण रविवारी दुपारी कॉटवर पडून कुणी अशी गोष्ट वाचत असेल, तर ती जप्त व्हावी का? माझ्या मुलाच्या बाबतीत जप्ती मी स्वतःच केली होती, त्यामुळं इतर कुणाला बोलायचा मला अधिकार नाही.

ते पुस्तक मी दोन वर्षं कपाटात ठेवलं आणि गेल्या वर्षी पार्सलनं त्याला पाठवून दिलं. सोबत चिठ्ठी लिहिली, चूक झाली म्हणून. तो तेव्हा आठवीत होता, आवाज फुटायला लागलेला. पंधरा दिवसांनी फोनवर म्हणाला, “बाबा, पुस्तक मिळालं. मी सहावीतल्या एका सोलापूरच्या पोराला दिलं. तो रात्री रडतो.” मी विचारलं, तू वाचलंस का? म्हणाला, वाचलं, देण्याआधी, एका बैठकीत. आता ते हॉस्टेलात फिरतंय आणि त्याचं कव्हर गेलंय म्हणे. पुढच्या भेटीच्या रविवारी येताना आणखी दोन प्रती आणतोय.