ग्रंथालयाच्या कपाटात तीन नवे कप्पे

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारप्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. गुण मिळवून देणारे ते पुस्तक नव्हते. परीक्षा तर होऊन गेली होती. त्या अवांतर वाचनाने पेरलेले बीज १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात कसे फळले, हे आपण जाणतोच.

हा प्रसंग आपण दर जयंतीला सांगतो. आपल्या मुलांच्या हाती मात्र आज प्रश्नसंच आणि भरतीची मार्गदर्शके एवढीच दिसतात. कापूस वेचून, केळीच्या बागेत राबून मुलांना शिकविणाऱ्या पालकांनी ‘गोष्टी वाचून नोकरी लागते का?’ असे विचारले, तर त्यांना मी दोष देणार नाही. मीही एकदा अभ्यासिकेत एका मुलाच्या हातून चित्रकथा काढून घेतली होती. तो प्रथमच एखाद्या पुस्तकात रमला होता, हे मला फार उशिरा उमगले. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आग्रहाने सांगतो, की महापुरुषांच्या चरित्रांशेजारी कादंबरी, चित्रकथा आणि लोकविज्ञान यांनाही बरोबरीची जागा मिळावी.

अण्णा भाऊंची ‘फकिरा’ (१९५९) बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. ती मुलांना आपली वाटतेच. तिच्या शेजारी यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) असावी. खानदेशातून पुण्याच्या वसतिगृहात गेलेला, परीक्षेत अपयशी ठरून गावी परतलेला पांडुरंग सांगवीकर सधन शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याचे दुःख आपल्यासारखे आहे की नाही, यावर मुलांनी खुशाल वाद घालावा. दुसऱ्याच्या मनात शिरून वाद घालण्याची सोय कादंबरीइतकी अन्यत्र नाही.

१९२९ साली सरकारी समितीच्या कामासाठी धुळ्यास आलेले बाबासाहेब परतताना चाळीसगावी उतरले. अस्पृश्यासाठी टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. अखेर वस्तीतील एका अननुभवी माणसाने टांगा हाकला. नदीवरील मोरीपाशी अपघात होऊन बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले, पाय मोडला. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले पाणी, निवारा आणि प्रवास यांसंबंधीचे असे अनुभव ‘भीमायन’ (२०११) या इंग्रजी चित्रग्रंथात दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी रेखाटले आहेत. घरी अहिराणी, भिलोरी वा पावरी बोलणारे मूल छापील मजकुराला बिचकते, तेव्हा चित्र त्याचा हात धरते; मजकूर शिक्षकाने समजावून द्यावा. ज्यूंच्या संहारावरील आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या चित्रग्रंथाला १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. चित्रकथेला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

तिसरा कप्पा लोकविज्ञानाचा. जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ तेथे हवेच. २००८ साली त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांसह केलेला प्रयोगही मुलांना सांगावा. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या जमवून त्यांतील प्रत्येकी चाळीस ज्योतिष्यांना दिल्या. उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिष्यांची सरासरी ४६ टक्के निघाली. नाणे उडविले असते तरी सुमारे निम्मी उत्तरे बरोबर आली असती. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पारखायचे कसे, हे अशा वाचनातून कळते.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, अभिवादनासाठी हाराऐवजी वही-पेन आणण्याची रीत आपल्यापैकी अनेकांनी स्वीकारली आहे. येत्या १४ एप्रिलला त्यात एका पुस्तकाची भर घालावी. ते स्वतः वाचलेले असावे आणि आपल्या हाताने एखाद्या मुलाला द्यावे. केळुसकर गुरुजींनी याहून वेगळे काही केले नव्हते.

जय भीम!