पेटंटवरचं नाव आणि मनगटावरची पट्टी



गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझी नात एका पेटंट वकिलांच्या ऑफिसात कामाला होती. एका शुक्रवारी सकाळी ती कॉम्प्युटर घेऊन माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. मी भेंडी चिरत होते. थोड्या वेळाने तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आजी, या सात कंपन्या आहेत की एकच कंपनी सात वेळा लिहिली आहे, ते तूच सांग." (ती मला आजीच म्हणते, साफ्ता म्हणत नाही. ही माझी आयुष्यभराची कमाई.)

मी चष्मा लावून पाहिलं. नाव तेच. एका ओळीत शेवटी 'लिमिटेड' पूर्ण लिहिलेलं, दुसऱ्या ओळीत नुसतं 'एलटीडी', तिसरीत त्याच्या आधी स्वल्पविराम, चौथीत एक अक्षर गळलेलं, पाचवीत 'अँड'च्या जागी ते वळणाचं चिन्ह. आपल्या डोळ्यांना एक, पण कॉम्प्युटरच्या हिशेबी सात. मी म्हटलं, "अगं, हा तर आमच्या वॉर्डातला जुना प्रश्न."

तो प्रश्न काय, ते आधी सांगते. मी 1971 साली या देशात आले आणि नर्सिंगला लागले. हिब्रू जेमतेम. वॉर्डात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बायका शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. एकीला मधुमेह, दुसरीला नाही. इन्सुलिनची सुई घेऊन मी गेले आणि विचारलं, "तुम्ही अमुक ना?" ती हसून म्हणाली, "केन, केन." नाव तिचंच होतं, मग ती नाही कशाला म्हणेल? सुई टोचणार, इतक्यात आमच्या मुख्य परिचारिकेने माझा हात धरला. मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर वाचला. तो जुळेना. खाट चुकली होती.

त्या दिवशी तिने मला दोन नियम शिकवले. नाव आपण रोग्याच्या तोंडी घालायचं नाही, त्यालाच सांगायला लावायचं. आणि नुसतं नाव जुळलं म्हणून माणूस तोच समजायचा नाही, नावाबरोबर दुसरी एक गोष्ट जुळलीच पाहिजे. पुढे सगळी नोकरी मी या दोन नियमांवर केली.

आता पेटंटकडे वळू. बाळांनो, पेटंट म्हणजे काय? कुणी नवी युक्ती शोधून काढली, समजा एखादं औषध, तर सरकार त्याला सांगतं, "तुझी युक्ती सगळ्यांना कळेल अशी लिहून दे. त्याच्या बदल्यात अर्ज केल्यापासून साधारण 20 वर्षं तुझ्या परवानगीशिवाय ती कुणी वापरणार नाही." हा हक्क घरासारखा, शेतासारखा विकता येतो, दुसऱ्याच्या नावावर करता येतो. म्हणून त्याच्याही मालकीची नोंद ठेवावी लागते. आपल्यापैकी ज्यांची कोकणात जमीन होती त्यांना सातबारा ठाऊक आहे. हा पेटंटचा सातबाराच समजा.

अमेरिकेतला कायदा असा आहे, की पेटंट विकत घेतल्याचा कागद तीन महिन्यांच्या आत, किंवा निदान पुढचा सौदा होण्याआधी, नोंदवला नाही, तर पहिला खरेदीदार अडचणीत येतो. त्यानंतर कुणी अजाणता, रीतसर पैसे मोजून तेच पेटंट घेतलं, तर त्याच्यापुढे पहिल्याचा हक्क टिकत नाही. इतकी ही नोंद महत्त्वाची. पण नोंदणी करणारं कार्यालय आलेला कागद जसा आहे तसा दाखल करून घेतं. खरा मालक कोण याचा निवाडा ते करत नाही, आणि फॉर्म भरणाऱ्याने नाव जसं लिहिलं तसंच ते वहीत चढतं. पेटंटचा नंबर माहीत असेल तर कागद सापडतो. पण कुणी विचारलं, "या कंपनीच्या मालकीची एकूण पेटंटं कोणती?" की नावानेच शोधावं लागतं, आणि तिथे सात ओळींची गंमत सुरू होते.

गंमत म्हणते खरी, पण ती अंगाशी येते. स्वस्त औषध बनवू पाहणाऱ्या कारखान्याला परवानगी कुणाकडे मागायची ते कळायला हवं. पेटंट तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकेला, ते तारण ऋणको कंपनीचंच आहे ना, हे कळायला हवं.

आपल्या इथलंच उदाहरण घ्या. कोपॅक्सोन हे मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं इंजेक्शन पुष्कळांनी पाहिलं असेल. पूर्वी ते रोज घ्यावं लागे. आज मांडीत, उद्या दंडात, परवा पोटावर, अशी जागा बदलत कसं टोचायचं ते मी कितीतरी रोग्यांना शिकवलं आहे. खोक्यावर नाव तेवाचं. मूळ शोध रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधला, मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबाउम या शास्त्रज्ञांचा. अमेरिकेत या औषधाला 1996 च्या अखेरीस मान्यता मिळाली. मग पेटंटवर मालक म्हणून नाव कुणाचं? तेवाचंही नाही आणि वाइझमनचंही नाही. तिथे आहे 'येदा'. वाइझमन इन्स्टिट्यूटचे शोध सांभाळणारी ही कंपनी 1959 साली निघाली. हिब्रू विद्यापीठाची अशीच कंपनी आहे, तिचं नाव यिस्सुम. म्हणजे कुणी पेटंटच्या वहीत मालकाच्या रकान्यात 'वाइझमन' शोधत बसला, तर एवढा मोठा शोध त्याच्या हाती लागायचा नाही. स्पेलिंग बरोबर असूनही!

पुढे याच औषधावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मोठा खटला झाला, त्याचा निकाल 20 जानेवारी 2015 रोजी लागला. एका बाजूला 'तेवा फार्मास्युटिकल्स यूएसए', 'तेवा फार्मास्युटिकल इंडस्ट्रीज' आणि त्यांच्याबरोबर येदा. दुसऱ्या बाजूला सँडोझ आणि इतर. नीट पाहा. पहिली तेवा ही अमेरिकेतली कंपनी, दुसरी इथली मूळ कंपनी. नाती आई-मुलीची, पण कायद्याच्या नजरेने माणसं दोन.

आणि सँडोझ! आपल्या वयाच्या लोकांना मुंबईतल्या कॅल्शियम सँडोझच्या बाटल्या आठवत असतील. ती सँडोझ आणि सिबा-गायगी या दोन स्विस कंपन्या 1996 साली एक होऊन नोव्हार्टिस झाली. सँडोझ हे नाव मग नोव्हार्टिसच्या घरातल्या एका विभागाचं राहिलं. ऑक्टोबर 2023 मध्ये तो विभाग वेगळा निघाला आणि सँडोझ पुन्हा स्वतंत्र कंपनी झाली. आता सांगा, 1980 सालच्या पेटंटवरची सँडोझ आणि आजची सँडोझ एकच का? नाव तेच, पण मधल्या काळात घर मोडलं, जोडलं आणि पुन्हा वाटण्या झाल्या. म्हणून मालकाच्या नावाबरोबर साल बघावंच लागतं.

हा गुंता सोडवायला शहाण्या माणसांनी पुष्कळ मेहनत केली आहे. 2011 च्या तंबूंच्या आंदोलनानंतर जी ट्राख्टेनबर्ग कमिटी नेमली होती, ती आठवते ना? तेच प्राध्यापक मनुएल ट्राख्टेनबर्ग. त्यांनी ब्रॉनविन हॉल आणि अॅडम जॅफी यांच्याबरोबर 1963 ते 1999 या काळातल्या जवळजवळ 30 लाख अमेरिकन पेटंटांची माहिती एकत्र करून 2001 साली सर्वांना खुली केली. त्यात पेटंटवरची कंपन्यांची नावं शेअर बाजारातल्या कंपन्यांशी जुळवून पाहणं हे एक मोठं काम होतं. बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठाच्या लोकांनी 2006 साली नावं साफ करण्याची पद्धतच लिहून काढली. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनेही या प्रश्नासाठी कार्यगट नेमला आहे.

ही साफसफाई कशी करतात? आपण तांदूळ निवडतो तशी. आधी मोठे खडे, म्हणजे टिंबं, स्वल्पविराम, जास्तीच्या मोकळ्या जागा, लहानमोठी अक्षरं, हे सगळं एकसारखं करायचं. मग शेपूट कापायचं. इंग्रजीतलं लिमिटेड, जर्मनमधलं गेएमबेहा, आपलं हिब्रूतलं बे-अयिन-मेम, ही कंपनीच्या प्रकाराची शेपटं बाजूला काढली की खरं नाव उरतं. मग नेहमीच्या चुका दुरुस्त करायच्या. एवढं मशीन करतं. त्यानंतर बारीक खडे निवडायला मात्र माणूस लागतो. पत्ता तोच आहे का, शोध लावणारी माणसं तीच आहेत का, हे बघावं लागतं.

कारण घाई केली तर उलटी चूक होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पेटंटं तिच्या मातृसंस्थेच्या, म्हणजे 'सीएसआयआर'च्या नावावर असतात. ती संस्था भारतात 1942 साली निघाली. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला 1945 साली निघालेली दुसरी सीएसआयआर आहे. इंग्रजी नाव लिहिताना भारताच्या संस्थेत 'कौन्सिल ऑफ' आणि आफ्रिकेच्या संस्थेत 'कौन्सिल फॉर', बाकी सगळं तेच. हे छोटे शब्द कचरा समजून गाळले, तर पुण्याची मेहनत प्रिटोरियाच्या खात्यावर जमा! तसंच मर्कचं. जर्मनीतल्या डार्मश्टाटची मर्क आणि अमेरिकेतली मर्क पहिल्या महायुद्धाच्या काळात वेगळ्या झाल्या. आज त्यांचा एकमेकींशी मालकीचा काही संबंध नाही.

एकाची सात झाली तर हिशेब चुकतो. पण दोघांना एक केलं तर एकाचा हक्क दुसऱ्याला जातो. माझ्या मते दुसरी चूक जास्त वाईट. मधुमेह नसलेल्या बाईला इन्सुलिन टोचण्याचाच तो प्रकार.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. मुंबईत 1796 साली आपलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर ही काही दोन माणसं नव्हेत, हे आपल्याला घरात सांगितलं म्हणून माहीत. परका माणूस कागद बघून दोघं धरील. आणि त्याच 'दिवेकर'ला इंग्रजीत कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. हिब्रूत एकच वाव लिहिला तर इथला कारकून 'दियुकर' अशी हाक मारतो. मग कुपात खोलिममध्ये आपली फाईल कशी सापडते? तेउदात जेहुतवरच्या नऊ आकडी नंबरामुळे. नाव कसंही लिहा, नंबर एकच.

कंपन्यांसाठीही 20 अक्षरांचा आणि आकड्यांचा एक आंतरराष्ट्रीय ओळखनंबर 2012 पासून आहे. पण तो मुख्यतः बँकांच्या व्यवहारांसाठी निघाला. जुन्या लाखो पेटंटांवर तो छापलेला नाही, त्यामुळे तिथे निवडत बसण्याला पर्याय नाही.

नातीने विचारलं, "मग मी सातही ओळी खोडून एकच नाव लिहू?" मी म्हटलं, "खोडू नकोस गं बाई. रोग्याचं केसपेपरवरचं जुनं नाव आम्ही कधी पुसलं नाही. त्याच्या शेजारी नवं लिहिलं, तारीख घातली, सही केली. तूही तसंच कर. कागदावर होतं ते नाव एका रकान्यात, ठरवलेलं नाव शेजारच्या रकान्यात, आणि कशावरून एक धरलं ते तिसऱ्यात. उद्या तुझी चूक निघाली तर दुरुस्त करणाऱ्याला वाट सापडली पाहिजे."

तिने तसंच केलं. सातांपैकी सहा ओळी एका कंपनीच्या निघाल्या. सातवीचा पत्ता वेगळ्या देशातला होता. ती परकीच कंपनी होती. बरं झालं, खोडली नाही.

बाळांनो, आता तुमच्यासाठी कोडं. आजी-आजोबांना त्यांचं आडनाव मराठीत, हिब्रूत आणि इंग्रजीत लिहायला सांगा. मग त्यांच्या जुन्या पासपोर्टवर, शाळेच्या दाखल्यावर आणि आजच्या तेउदात जेहुतवर ते कसं लिहिलं आहे ते बघा. किती रूपं सापडली ते मोजा आणि प्रत्येकाच्या शेजारी कोणत्या कागदावर मिळालं ते लिहून ठेवा. एकही रूप खोडू नका.

बरं आहे तर, पुढच्या अंकात भेटू. तब्येतीला जपा, आणि कुणी सुई घेऊन आलं तर आधी आपलं नाव आपणच सांगा.