फ्लॅश आवरा, सम ओळखा

‘फ्लॅश मारू दिला असता तर एकेक फोटो कडक आला असता,’ ही तक्रार नृत्याच्या कार्यक्रमानंतर आयोजकांच्या कानावर हमखास येते. तक्रार करणाऱ्याने आपण कुठे बसलो होतो ते आधी सांगावे. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दोन मीटरवर जेवढा पडतो त्याचा जेमतेम पंचविसावा हिस्सा दहा मीटरवर पोचतो. मागच्या रांगेतून मारलेला मोबाइलचा फ्लॅश पुढच्या प्रेक्षकांची डोकी उजळतो, रंगमंचाला त्याचा पत्ताही लागत नाही. बरे, पहिल्या रांगेतून जोरकस फ्लॅश मारला तर? नर्तकी उजळते खरी, पण प्रकाशयोजनाकाराने कडेने सोडलेला पिवळा झोत, मागून दिलेली निळी कड, घुंगरांवर आडवा पडलेला उजेड हे सगळे एका फटक्यात पुसले जाते. उरतो लग्नाच्या अल्बममधला सपाट चेहरा आणि मागच्या पडद्यावर काळी सावली. वर, चक्करीत नजर समोर रोखून तोल सांभाळणाऱ्या नर्तकीच्या डोळ्यांत तो लखलखाट जातो. हा प्रश्न मी शिष्टाचाराचा मानत नाही, पाय मुरगळण्याचा मानतो.

फ्लॅश नको म्हणणाऱ्यांतही एक सोवळा पंथ आहे. आयएसओ १६००च्या वर नेला की फोटोत दाणे येतात, म्हणून ही मंडळी शटर १/६० सेकंदावर ठेवतात आणि घरी जाऊन हललेल्या हातापायांचे दुःख करतात. १/६० वरून १/५०० वर गेले की प्रकाश सुमारे आठपट घटतो. भिंग आधीच एफ २.८ वर पूर्ण उघडे असेल तर ही तूट आयएसओनेच भरायची, ८००चे ६४०० करून. कमी आयएसओवर काळपट फोटो काढून नंतर संगणकावर उजळला तरी दाणे वाचत नाहीत, बहुधा वाढतातच. दाणे सॉफ्टवेअरने कमी होतात, आणि बेताच्या आकारात छापले की बरेचसे दिसतही नाहीत. हललेला डोळा मात्र कुठलेही सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे परत आणत नाही.

महागड्या कॅमेऱ्यावाचून अडते, हा युक्तिवाद दुकानदाराला शोभतो. छोट्या सभागृहात पुढे बसायला मिळाले, तर ५० मिमीचे एफ १.८चे साधे भिंग एफ २.८च्या भारी झूमपेक्षा जवळजवळ अडीचपट प्रकाश आत घेते.

आता माझा पक्ष. वेगवान नाच सतत सारख्याच वेगाने चालतो, हे या सगळ्यांचे गृहीतक आहे आणि तेच मुळात खोटे आहे. सेकंदाला दोन चक्करी घेणारी नर्तकी धरा. अक्षापासून सत्तर सेंटिमीटरवर असलेला तिचा पंजा १/२५० सेकंदात साडेतीन सेंटिमीटर सरकतो. चेहरा अक्षाजवळ असल्याने अर्धा सेंटिमीटरच. त्यातही दर चक्करीत मान झटकन वळून चेहरा क्षणभर समोर ठरतो. तो क्षण गाठला की चेहरा ठाम येतो, हात वाहता राहतो. माझ्या मते याहून खरे चित्र चक्करीचे नाही. उडीचेही तेच. हवेतला सुमारे सत्तर टक्के वेळ शरीर उडीच्या वरच्या अर्ध्या उंचीत असते आणि शिखरावर त्याचा वरखाली वेग शून्य होतो.

पण तो क्षण डोळ्यांनी पाहून बटण दाबणारा हरतो. पाहणे आणि बोट हलणे यांत सुमारे पाव सेकंद जातो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा असतील तर पाव सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येऊन गेली, आपण पुढच्या गोंधळाचा फोटो काढला. उपाय कॅमेऱ्यात नाही, कानात आहे. तिहाईत तोच बोल तीनदा येतो आणि शेवटचा ‘धा’ समेवर पडतो. म्हणजे नर्तकी कुठे थांबणार याची दोनदा आगाऊ वर्दी मिळते, आणि तीही तबल्यावर वाजवून! लावणीत ढोलकीची लय चढत जाऊन थापेवर ठसक्यात तुटते, तिथेही असाच थांबा. ताल न कळणाऱ्याने सेकंदाला वीस फोटोंचा सपाटा लावला तरी त्याच्या हाती योगायोगच लागतो.

बाकीचे तंत्र थोडक्यात. काळ्या पडद्यापुढे ऑटो मोड फसतो. मीटरला काळोखच दिसतो, तो एक्स्पोजर वाढवतो आणि चेहरा पांढराफटक जळतो. मॅन्युअल ठेवावे, मोजमाप चेहऱ्यावरून घ्यावे. एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, तेव्हा आवाज करणारे मेकॅनिकल शटर परवडले.

एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. अलेक्सी ब्रोडोविचने १९३५ ते १९३७ दरम्यान रूसी बॅलेचे फोटो छोट्या कॅमेऱ्याने, फ्लॅशशिवाय घेतले. १९४५च्या त्याच्या ‘बॅले’ या पुस्तकात आकृत्या पुसट आहेत, दाणे ढळढळीत आहेत, दिवे जळून पसरले आहेत, आणि तरीही नाच जिवंत आहे. मग ठाम चेहऱ्याचा हट्ट कशाला? कारण ब्रोडोविचने काय पुसायचे आणि काय राखायचे ते निवडले होते. प्रत्येक हललेल्या फोटोला ‘गती पकडली’ म्हणणाऱ्यांनी ती निवड दाखवावी, मग मी गप्प बसतो.

आयोजकांनाही सांगायचे आहे. फ्लॅशबंदीची पाटी लावून तुमची जबाबदारी संपत नाही. फोटोग्राफरला रंगीत तालमीला येऊ द्या. तिथे दिवे प्रयोगातलेच असतात, वेशभूषा असते, प्रेक्षक नसतात. शटर खटखटले तरी कोणाचा रसभंग होत नाही, आणि तिहाया कुठे येतात हे त्याला आधीच पाठ होते. राहता राहिले दीपप्रज्वलन आणि सत्कार. तिथे फ्लॅश खुशाल मारा, पाहुणे हलत नाहीत.