बी-२७५ चा रेडिएटर

पेडण्याच्या घरी बाबांचा लाल बी-२७५ अजून उभा आहे. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून जी कंपनी काढली, तिचे हे मॉडेल. यंदा वायंगणाच्या नांगरणीत तो अर्ध्या तासात उकळायला लागला. भंगारवाल्याने भावही सांगून ठेवला. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि म्हटले, एकदा रेडिएटर उतरवून तर बघू.

बाबांची अट एकच, इंजिन रात्रभर थंड होऊ दे. त्यांच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग रेडिएटरच्या झाकणाचाच आहे. झाकण आत दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण सैल केले की तेच पाणी वाफेसकट अंगावर उडते. मी हे बी.ई.च्या वर्गात शिकलो, बाबा शेतात.

सकाळी खालचा नळ सोडला, तर थेंबही येईना. गाळ! तार खुपसल्यावर चहाच्या रंगाचे पाणी आले. मग बॉनेट काढले, दिव्यांच्या वायरींचे मोबाइलवर फोटो घेतले (हे माझे एकमेव योगदान, असे बाबा म्हणतात) आणि होज पाइपांकडे वळलो. वरचा पाइप घट्ट चिकटला होता. मी हिसका देणार, तोच बाबा ओरडले, "अरे, ओढू नको, चीर त्याला!" पितळी तोटी झाळलेली असते, ती उखडली तर काम वाढते. पाइप काय, नवा मिळतो. खालच्या बोल्टांना आदल्या रात्री डिझेल पाजले होते, ते सुटले. पंख्याची पाती जाळीत घुसू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवला आणि दोघांनी मिळून रेडिएटर सरळ वर उचलला.

जाळीत भाताचे तूस, आत विहिरीच्या पाण्याचा गंज. डिचोलीच्या कारागिराने टाक्या उघडून एकेक नळी साफ केली, पाण्यात बुडवून हवा भरली, बुडबुडे आले तिथे झाळ लावली. म्हणाला, "तांब्या-पितळेचा आहे, म्हणून होतंय. प्लॅस्टिकच्या टाकीचा असता तर बदलावाच लागला असता." भंगारवाला एवढा उत्सुक का होता, ते तेव्हा कळले.

आता त्यात कूलंट घातले आहे. गोव्यात कुठे बर्फ पडतो, असे शेजारी विचारतात. पण ते गंजही रोखते. मात्र ते गोडसर आणि विषारी असते, म्हणून सांडलेले लगेच पुसले. अंगणात कुत्रा आहे.

वायंगणाचे उरलेले दोन कुणगे त्याच आठवड्यात नांगरून झाले.