भाच्याचा ड्रोन

माझ्या भाच्याने बारावीनंतर लग्नांचे फोटो काढायला सुरुवात केली. दोन सीझनमध्ये पंधरा हजार साठवले आणि एक दिवस मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामू, हा बघा. फोर-के कॅमेऱ्याचा ड्रोन, फक्त साडेपाच हजार!" मी नको म्हणालो. तो रुसला. असे भाचे घरोघरी आहेत, म्हणून कारणं लिहून ठेवतो.

त्या स्वस्त खोक्यावरचं फोर-के बहुतेक वेळा नुसतं छापलेलं असतं. लहान चित्र ताणून मोठं केलेलं. खरं विचारायचं ते गिंबलबद्दल. कॅमेऱ्याला तीन अक्षांवर तोलून धरणारा गिंबल नसेल, तर वाऱ्याची प्रत्येक झुळूक वरातीच्या चित्रणात दिसते. दुसरं, जीपीएस. ते नसलं की ड्रोन एका जागी ठरत नाही आणि सिग्नल तुटल्यावर आपण होऊन परतही येत नाही. आमच्या कोकणात म्हणजे थेट खाडीत. जीपीएस असला तरी परतीची उंची माडांच्या शेंड्यांहून वर ठेवावी लागते. आणि उड्डाण शक्यतो स्लॅबवरून करू नये, आतल्या लोखंडी सळ्या त्याच्या होकायंत्राला चकवतात.

हे सगळं पंधरा हजारांत नवं मिळणं कठीण. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. त्यामुळे कुणी "दुबईहून आलाय" म्हणाला, तर आधी बिल मागा. जुना घेत असाल तर बॅटरी फुगली आहे का ते बघा.

वजनाचंही महत्त्व आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाची कामं घेणाऱ्या पोराला हे सोयीचं. पण विमानतळ, लष्करी ठाणी यांच्या लाल क्षेत्रात परवानगीशिवाय नॅनोही चालत नाही. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा आधी बघावा.

आता कागदावर नसलेली गोष्ट. 2024 मध्ये मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी राहिली. अशा हवेत हातात रिमोट असलेला पोरगा दाढीवाला असेल, तर प्रश्न जरा जास्त विचारले जातात. मला ते अन्यायाचं वाटतं. तरीही भाच्याला सांगितलंय, बिल खिशात ठेव आणि गावात उडवायचं असेल तर पोलीस पाटलांच्या कानावर घालून ये. पण शेजारच्या गच्चीवर बायका कपडे वाळत घालत असताना वर कॅमेरा घिरट्या घालू लागला, तर त्यांच्या रागाला मी अन्याय म्हणणार नाही. तिथे चूक आपलीच.

शेवटी आमचं जमलं ते असं: दोन हजारांचा बिनकॅमेऱ्याचा, पात्यांभोवती कडी असलेला छोटा ड्रोन घेतला. महिनाभर तो हॉलमध्येच उडवायचा, पंखा बंद करून. आपाचा एक फुलदान फुटला आहे. उरलेले तेरा हजार माझ्याकडे आहेत, आणि भाचा रोज विचारतो, "मामू, महिना कधी संपतो?"